दांडा कुणाजवळ होता

१२ जून

भाऊजी,

पत्रास कारण की, जॅक.

आईंच्या गुडघ्यांसाठी तुम्ही तेल पाठवलंत, त्या पार्सलवर तुमचा पत्ता होता. खोक्याचा तेवढा तुकडा मी कापून ठेवला. फोन करत नाही, कारण माझा नंबर बघून तुम्ही उचलणार नाही. आणि चुकून उचललात तर मी हवापाण्याचं बोलत बसेन, मुद्दा राहून जाईल आणि फोन ठेवल्यावर स्वतःवर चिडेन. माझी ही खोड तुम्हाला माहीत आहे. कागदावर निदान आपण काय टाळतोय ते आपल्यालाच दिसतं.

गॅरेज चालू आहे. मी चालवते. हसून घ्या एकदाचे. चाकं, ब्रेकचे पॅड, इंजिनाचं ऑइल, क्लचची केबल एवढं मी बघते. तुमचे दादा वरच्या खोलीत टेबलापाशी बसून स्टार्टर आणि डायनमो उघडतात. त्यांचे हात अजून पहिल्यासारखेच चालतात. डावा पाय गुडघ्याखाली वाकडाच जुळला, कुबडी घेऊन घरात फिरतात. खाली गॅरेजात मात्र दोन वर्षांत एकदाही उतरलेले नाहीत. मी कारण विचारत नाही आणि ते सांगत नाहीत, असा आमचा संसार झकास चाललाय.

खाली सगळे कायदे माझे. उतारावर उभी असलेली गाडी मी उचलत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. हँडब्रेक ओढलाय का ते स्वतः बघते, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावते, जॅकची वाटी चेसीच्या नेमक्या जागी बसली का ते वाकून, मान मोडेपर्यंत बघते. मग उचलते, आणि उचलली की लगेच लोखंडी स्टँड. गाडीचं वजन स्टँडवर आल्याशिवाय माझं बोटसुद्धा खाली जात नाही. गिऱ्हाइकं तोंडावर मला ताई म्हणतात आणि पाठ फिरली की इन्स्पेक्टरबाई. ते दोन्ही स्टँड तुम्हीच आणले होते. ह्यांनी त्यातल्या एकावर चहाचा कप ठेवला आणि दुसऱ्यावर रेडिओ, आणि बारा महिने ते तसेच राहिले.

ह्यांचा एक नियम मात्र मी जसाच्या तसा ठेवलाय. गाडीखाली जो जाईल त्याने जॅकचा दांडा काढून आपल्याबरोबर आत न्यायचा. दांडाच नसला तर वरचा कुणी चुकूनही व्हॉल्व्ह सोडून गाडी खाली आणू शकत नाही. हा नियम चांगला आहे. माणसाचं सगळंच काही चुकत नाही.

तर आपला लाल जॅक. कोपऱ्यात पोत्याखाली पडलाय. त्या दिवसानंतर त्याला कुणी हात लावला नाही. मी लहान जॅकवर भागवते, पण तो दीड टनाचा, व्हॅन आली की परत पाठवावी लागते. लाल जॅक उघडून दुरुस्त करायचं मी ठरवलंय. त्याच्या मागच्या मोठ्या नटाला कुठला पाना लागतो, तेवढं कळवा. त्या दिवसाबद्दल मी काही विचारणार नाही, तुम्हीही लिहू नका. फक्त पाना.

तुमची वहिनी


२९ जून

भाऊजी,

पान्याचं उत्तर आलं नाही. शेवटी पाइपपाना लावून उघडला. नटाचे कोपरे झिजले, त्याचं पाप तुमच्या माथी.

आधी चाकांतलं जुनं ग्रीस खरवडून काढलं, ते दगड झालं होतं. मग रबरी बूच काढून ऑइल पसरट भांड्यात ओतलं, मग नट. आतला दट्ट्या बाहेर आला तेव्हा तुम्हाला हाक मारून दाखवावासा वाटला. अजून लख्ख आहे, गंजाचा ठिपका नाही. दट्ट्याभोवतीची रबरी सील मात्र गेलेली. मोठं सील फुगून मऊ पडलं होतं, नखाने दाबलं की खूण राहत होती, आणि एका बाजूने चक्क फाटलेलं.

भाऊजी, आता पुढचं नीट वाचा. त्या दिवशी गाडी बसली ती व्हॉल्व्ह उघडल्यामुळे नाही. सील फाटलं म्हणून बसली. दट्ट्याच्या कडेने ऑइल निघून गेलं आणि वरचं वजन खाली आलं. नंतर तुम्ही जिवाच्या आकांताने पंप मारलात तरी ती उचलली जाणारच नव्हती.

सील जुनी झाली की असं होतं. रबरच ते, किती दिवस टिकणार? कुणाचाच दोष नाही. हे कळवायचं होतं.

नवी सील बसवली. दट्ट्या खाली बसलेला ठेवून बुचाच्या काठापर्यंत जॅकचं ऑइल भरलं. व्हॉल्व्ह मोकळा सोडून दांडा पंधरा-सोळा वेळा मारला, आतली हवा बुडबुड करत निघून गेली. मग एका लहान गाडीचं तोंड उचललं, स्टँड खाली जपून ठेवले, जॅकच्या बाजूला भिंतीवर वाटीच्या उंचीला खडूची रेघ मारली आणि समोर स्टूल टाकून तासभर बसून राहिले. वाटी रेघेवरून केसभर हलली नाही. वरून ह्यांनी विचारलं, ‘एवढा वेळ काय करतेस खाली?’ म्हटलं, जॅककडे बघतेय.

आईंच्या गुडघ्यांना तेल लागू पडलंय.

वहिनी


११ जुलै

भाऊजी,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पेटीत टाकून घरी पोचेपर्यंतच ते टोचायला लागलं होतं, आणि नंतर लक्षात आलं की तुम्ही तर वाचताक्षणीच ओळखलं असणार. सील जुनी नव्हती. तुम्हीच ती आदल्या वर्षी बदलली होती, माझ्यासमोर, वर्तमानपत्रावर सगळे भाग ओळीने मांडून. तरीही मी ‘जुनी झाली’ लिहिलं. ह्याला म्हणतात डोळ्यांवर कातडं ओढणं.

आता खरं. फुगलेलं सील घेऊन मी सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने ते हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाला, ‘ताई, जॅकमध्ये ब्रेक ऑइल कुणी घातलं?’ मी बाटलीत उरलेलं जुनं ऑइल नेलं होतं. त्याने वाटीभर पाण्यात त्याचे थेंब टाकले. थोडं वर तवंग होऊन तरंगलं, बाकीचं पाण्यात मिसळून गेलं. म्हणाला, ‘मिसळलं ते ब्रेकचं. जॅकच्या रबराला ते विष असतं.’ आणि परत विचारलं, कुणी घातलं? मी म्हटलं, कुणास ठाऊक.

कुणास ठाऊक काय? मी घातलं.

अपघाताच्या तीन आठवडे आधी. तुम्ही दोघं सामान आणायला गेला होतात. जॅक पूर्ण वर येत नव्हता, ऑइल कमी झालंय एवढं मला कळत होतं. जॅकच्या ऑइलचा डबा पालथा केला तर थेंब नाही. फळीवर ब्रेक ऑइलचा डबा भरलेला. मी विचार केला, ब्रेकसुद्धा तेलाच्या दाबावर चालतो आणि जॅकसुद्धा, मग घोडं कुठे अडतंय? दुसऱ्या कुणा बाईला हे सुचलंच नसतं. मी गॅरेजवाल्याची बायको, मला अर्धं माहीत होतं. ओतलं. जॅक सरसर वर आला. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, ‘वा वहिनी, आज लाल घोडा खुशीत दिसतोय,’ आणि मी फुशारून गप्प राहिले.

आठवड्याने तो बोटभर बसायला लागला. मी पुन्हा ओतलं, त्याच डब्यातून. सांडलेल्या ऑइलने बुचाभोवतीचा लाल रंग फुगून निघाला होता, तो मी नखाने खरडून टाकला. जॅक बसतोय हे कळल्यावर तो बाजूला काढून ठेवायचा असतो. मी रंग खरडत बसले.

आणि तो दिवस. लिहू नका म्हणाले होते, आता मीच लिहिते. लाँड्रीवाल्यांची व्हॅन, गिअरबॉक्सचं काम. हे खाली झोपले होते, दांडा त्यांच्या खांद्याशी. स्टँड लावले नव्हते. मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले. तुम्ही व्हॅनच्या पलीकडच्या टोकाला चाकाचे नट सोडवत होतात, लांब पाना, दोन्ही हात पान्यावर. आणि व्हॅन बसली. भाऊजी, मी पाहिलं. व्हॅन बसली तेव्हा तुमच्या हातात पाना होता.

मग तुम्ही पाना फेकलात, धावत आलात, ह्यांच्या खांद्याजवळून दांडा ओढून काढलात, जॅकमध्ये घातलात, फिरवलात आणि पंप मारत सुटलात. लाँड्रीवाले आणि शेजारचे तेव्हा धावत आले. त्यांनी पाहिलं ते तेवढंच: दादा गाडीखाली आणि धाकटा जॅकपाशी दांडा घेऊन. त्यांनी हातांनी व्हॅन उचलली म्हणून पाय तरी राहिला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर हे म्हणाले, ‘त्याच्या हातात दांडा होता. त्याने व्हॉल्व्ह सोडला.’ तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी आईंची शाल सारखी करत बसले.

का, ते सांगते. व्हॉल्व्ह नाही तर मग काय, असं कुणीतरी विचारलंच असतं. मग जॅक उघडला असता. तुमच्यावर खापर फुटत होतं तेव्हा मी मूग गिळून बसले, कारण तुमचं डोकं बाजूला झालं असतं तर माझंच उरलं होतं. तुम्ही पिशवी भरून गेलात, मी जिन्यात उभी होते, ‘जेवून तरी जा’ म्हणाले. ते आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आई सांगतात, तुम्ही पान्याला हात लावत नाही, स्कूटरचं चाकसुद्धा दुसऱ्याकडून बदलून घेता. माझ्या डोळ्यांदेखत ज्याने गिअरबॉक्स उघडून जेवायच्या आत परत बसवला, तो माणूस पोटासाठी खोक्यांवर पट्ट्या चिकटवत बसतो. हे माझ्यामुळे.

पाकिटात दोन सील आहेत, एक नवं, एक त्या जॅकमधलं. एकावर एक ठेवा आणि स्वतः बघा.

ह्यांना मी रविवारी सांगणार आहे. तुम्हाला लिहून टाकलं, आता मागे फिरता येणार नाही, म्हणूनच आधी लिहिलं.

वहिनी


१६ जुलै

भाऊजी,

सांगितलं.

हे कॉइल गुंडाळत होते. मी समोर बसले आणि एका दमात सगळं बोलले.

‘ब्रेक ऑइल?’

‘हो.’

‘जॅकमध्ये?’

‘दोनदा.’

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘एवढी वर्षं ह्या घरात काढलीस आणि...’

‘ते मी स्वतःला रोज ऐकवते. तुम्हीही ऐकवा, जन्मभर ऐकवा, मी ऐकेन. पण आज दुसरंही बोलायचंय. भाऊजींच्या हातात दांडा होता असं तुम्ही म्हणालात.’

‘होताच.’

‘गाडी बसली तेव्हा?’

‘माझा पाय चिरडत होता गं! मी काय दांड्यावर पहारा ठेवून होतो?’

‘दांडा तुमच्या खांद्याशी होता. नियम तुमचा, आणि तुम्ही तो कधी मोडला नाहीत.’

‘मला आठवत नाही.’

‘आठवत नाही तर मग “होताच” कसं म्हणता?’

ते म्हणाले, ‘खाली जा, गिऱ्हाईक आलंय.’ खाली कुणी आलं नव्हतं.

आई आतल्या दारात उभ्या होत्या, मला कळलंच नाही कधीपासून. त्या आपल्या मुलाला एवढंच म्हणाल्या, ‘मलापण ऐकायचंय रे. तुझं आठवून झालं की सांग.’ आणि आत गेल्या.

तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला बसतात, जेवतात, उठतात. माझ्यावरचा त्यांचा राग रास्त आहे, तो मी झेलेन. पण त्या रागाचं पांघरूण करून ते दांड्याचा प्रश्न आत झाकून ठेवतायत, ते मी चालू देणार नाही. मी ओतलं म्हणून गाडी बसली. पण तुम्ही घराबाहेर गेलात ते दांड्यामुळे. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मला दोन्ही पुरी करायची आहेत.

वहिनी


४ ऑगस्ट

भाऊजी,

तुमचं कार्ड आलं. दोन वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं, आणि त्यात एकच ओळ! ‘दांडा घातल्यावर मी व्हॉल्व्ह आवळला की सोडला, तुम्ही पाहिलंत का?’

म्हणजे दोन वर्षं तुम्ही हे घेऊन झोपताय.

आधी साधी गोष्ट. तुम्ही दांडा घातलात तेव्हा व्हॅन खाली आलेली होती. बसलेली गाडी आणखी कुठे बसणार? तुम्ही तो कसाही फिरवला असतात तरी ह्यांच्या पायाचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पण तुम्ही विचारलंय ते हे नाही, मला कळतं. तुम्हाला तुमच्या हाताबद्दल विचारायचंय. तर खरं सांगते, मी पाहिलं नाही. ट्रे हातातून सुटला होता आणि मी खाली वाकले होते की ओरडत होते, तेही आठवत नाही. ‘पाहिलं, आवळलात’ असं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण ह्या घरात न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगणं एकदा झालंय, पुन्हा नको.

कार्ड खिशात घालून मी दोन दिवस फिरले. काल ब्रेकचे पॅड बसवताना एकदम डोक्यात आलं आणि हातातलं काम टाकून उभी राहिले. लाल जॅकला त्या दिवसानंतर कुणी हात लावला नव्हता. लोकांनी तो व्हॅनखालून ओढून कोपऱ्यात ढकलला, मी वर पोतं टाकलं. दांडा तर वेगळाच, फळीमागे. आणि जूनमध्ये जॅक उघडण्याआधी मी व्हॉल्व्ह सोडायला गेले तेव्हा तो हाताने हललासुद्धा नाही. दांडा घालून मी त्यावर अख्खं अंग टाकलं, तेव्हा कुठे सुटला. एवढा घट्ट आवळलेला होता. तेव्हा मी वैतागून म्हणालेसुद्धा, कुठल्या पहिलवानाने आवळलाय कोण जाणे.

तुम्ही आवळलात, भाऊजी. दोन वर्षं तो तुम्ही आवळला तसाच होता. हे मी पाहिलं नाही, पण माझ्या मनगटांनी अनुभवलंय, आणि ह्याची शपथ मी कुठेही घेईन.

परवा लाँड्रीत गेले. त्यांनीच गावभर केलं होतं, म्हणून सुरुवात तिथून. इस्त्रीच्या टेबलापाशी चार माणसं होती, त्यांच्यासमोर माझा ब्रेक ऑइलचा पराक्रम आधी सांगितला, मग दांड्याचं. लाँड्रीवाले ऐकून घेऊन म्हणाले, ‘ताई, भावजय दिराची बाजू घेणारच. मी ह्या डोळ्यांनी दांडा त्याच्या हातात पाहिला.’

‘तुम्ही आलात तेव्हा गाडी वर होती की खाली?’

‘खाली.’

‘मग?’

‘मग काय? त्याने सोडला म्हणूनच ना खाली!’

डोकं आपटायला भिंत जवळच होती. शेवटी म्हणाले, ‘तुमच्या मालकांनी स्वतः सांगितलं होतं दवाखान्यात. ते उलटं म्हणू देत, मग बघू.’ आता हे घरात पाण्याचा पेलासुद्धा बोटाने दाखवून मागतात, ते काय म्हणणार! पण मी सोडणार नाही. लाँड्रीवाल्यांना म्हटलं, व्हॅनचा क्लच घसरतोय तुमच्या, आणा गॅरेजात. आता माझ्याकडे व्हॅन उचलणारा जॅक आहे.

वहिनी


२१ ऑगस्ट

भाऊजी,

आज व्हॅन आली. जिथे ती तेव्हा उभी होती तिथेच मी ती घेतली, मुद्दाम. फरशी तिथेच सर्वांत सपाट आहे.

सकाळी ह्यांना मी वर सांगून आले होते, लाँड्रीवाल्यांची व्हॅन येतेय, आज मी तिच्याखाली जाणार आहे. मी ठोकळे लावत होते तेव्हा जिन्यात कुबडी आपटल्याचा आवाज आला. पाहिलं तर कुबडी एकटीच घरंगळत खाली आलेली, आणि मागून हे, बसून, एकेक पायरी. बावीस पायऱ्या आहेत. मी पुढे झाले तर म्हणाले, ‘तुझं काम कर.’ हे त्यांचं महिन्याभरातलं पहिलं वाक्य.

खाली येऊन स्टुलावर बसले, घामाघूम. मी लाल जॅक सरकवला, वाटी टेकवली, मान वाकडी करून जागा पाहिली. उचलली. दोन्ही स्टँड लावले, व्हॉल्व्ह अगदी हळू सोडून व्हॅन स्टँडवर उतरवली, मग जॅकची वाटी नुसती टेकेल एवढी वर आणली. दांडा काढून घेतला. व्हॅन बाजूने दोन्ही हात लावून जोरात हलवली. हे सगळं बघत होते. फक्त म्हणाले, ‘उजव्या स्टँडची पिन पूर्ण आत गेली नाही.’ खरंच गेली नव्हती. व्हॅन परत उचलली, पिन ठोकली, परत उतरवली.

लाँड्रीवाले दारातच होते. म्हणाले, ‘मालक, बरं झालं खाली आलात. ह्या ताई काहीतरी भलतंच सांगत फिरतात.’

‘काय सांगते?’

‘की दांडा तुमच्याजवळ होता म्हणे.’

मी दांडा हातात धरून उभी होते. मला वाटलं, आता पुन्हा ‘आठवत नाही’ येणार. मी ठरवलं होतं की तसं म्हणाले तर उद्या पुन्हा विचारायचं, परवा पुन्हा.

हे म्हणाले, ‘माझ्याजवळ होता.’

लाँड्रीवाले काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, ‘आणि स्टँड त्याने आणून ठेवले होते. चहाचा कप खाली ठेवला, रेडिओ खाली ठेवला आणि स्टँड घेऊन आला. म्हणाला, दादा, लावू दे. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. तो गेला, परत आला, परत म्हणाला. मी ओरडलो त्याच्यावर. म्हटलं, तू मला शिकवू नको, चाक बघ जा.’

भाऊजी, हे मला माहीत नव्हतं. मी ट्रे घेऊन आले ती त्यानंतर. रेडिओ जमिनीवर होता हे मी पाहिलं होतं, पण का होता ते कधी मनात आलं नाही. मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले, गिऱ्हाइकासमोर, इन्स्पेक्टरबाई असून.

तुम्ही हे दवाखान्यात का नाही सांगितलंत? एक वाक्य पुरे होतं. ह्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं आणि आईंनी ह्यांच्यापुढे हात जोडले, तेव्हाही तुम्ही बोलला नाहीत. मी दुपारभर हाच विचार करतेय. पाय चिरडून पडलेल्या भावाला ‘मी सांगत होतो’ म्हणणं तुमच्या तोंडून निघालं नसेल, दुसरं काय! आम्ही दोघांनी आपापली कातडी वाचवली, आणि तुमच्याजवळ खरं असून तुम्ही ते आमच्यासाठी दाबून ठेवलंत. मी माफी मागत नाही, ती मागून तुमच्यावर आणखी एक ओझं कशाला? मी चुकले, एवढं लिहिते.

लाँड्रीवाले म्हणाले, ‘मग मी ही दोन वर्षं सगळ्यांना...’ म्हटलं, हो, आता पुढची दोन वर्षं हे सांगत फिरा. ते मान हलवून गेले. आई कधीच्या जिन्यात येऊन बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

क्लचचं काम मी केलं. दांडा खांद्याशी ठेवून व्हॅनखाली दोन तास होते. भीती वाटत होती, ते तुमच्यापासून कशाला लपवू? हे स्टुलावरून हलले नाहीत.

आता हे पेन मागतायत. खालचं त्यांचं आहे. मी वाचलेलं नाही, पाकीटही तेच बंद करणार म्हणतात.

वहिनी


तुझी वहिनी म्हणते सगळं लिहिलंय, म्हणजे काही शिल्लक ठेवलं नसेल.

तू दोनदा म्हणालास ते मी दोन्ही वेळा ऐकलं होतं. दवाखान्यातसुद्धा आठवत होतं. तुझं नाव घेतलं, कारण माझं घ्यायची हिंमत नव्हती.

तू ये असं म्हणायला मला तोंड नाही. मी येतो. तुझ्या खोलीला पायऱ्या किती आहेत ते कळव.

दादा